गोदूच्या फायनलचा फॉर्म

९ जून १९५८, सोमवार. सकाळी साडेपाच

आजपासून घरची शाळा सुरू. फळा, खडू, दोन पाट, भिंतीवर टाइमटेबल. सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी सहा ते आठ. मधल्या वेळात मी कचेरीत, तेव्हा मुलींनी स्वाध्याय करावा.

पटावर दोन. गोदू, वय चौदा, सातवी. वेणू, वय नऊ, तिसरी. शनिवारी दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले काढून आणले. हेडमास्तर म्हणाले, घरत, गोदावरीचं यंदा फायनलचं वर्ष आहे, मुलगी वर्गात पहिली आहे, फेरविचार करा. मी म्हणालो, फेरविचार अर्जाचा होतो, निर्णयाचा नाही. त्यांनी दाखल्यांवर सह्या केल्या.

एप्रिलच्या बक्षीस समारंभात शिपाई आला नव्हता म्हणून त्यांनी मला, कचेरीतल्या माणसाला, पाहुण्यांना पाणी द्यायला लावलं होतं. त्या प्रकाराचा आणि माझ्या निर्णयाचा काडीचाही संबंध नाही. लिहून ठेवलेलं बरं.

माझा विचार शुद्ध शैक्षणिक आहे. पुस्तकात काय असतं? खरं शिक्षण रोजच्या व्यवहारात. बाजारात, एस.टी. स्टँडवर, मिठागरात. गोदू फायनलला, म्हणजे सातवीच्या सरकारी परीक्षेला, बाहेरून बसेल, जिल्ह्यात पहिली येईल, मग ट्रेनिंग, मग मास्तरीण. आम्हा गव्हाणच्या घरतांत मॅट्रिकपर्यंत गेलेला पहिला मी. (गणितात दोनदा राहिलो. पेपर तपासणाऱ्याचा दोष.) मास्तरीण होणारी पहिली ती.

मुलींची आई, भामा, म्हणाली, तुमी कचेरीत जाल, मंग पोरींना दिसभर कोन शिकवल? मी टाइमटेबलाकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचूनही दाखवलं. ती भाकऱ्या थापायला उठली.

त्याच दिवशी, सव्वानऊ

उद्घाटनाचं भाषण लांबलं. पहिला दिवस, चालायचंच. शिकवणं उद्यापासून.

१० जून

डोकं दुखतंय. स्वाध्याय.

१७ जून

गोदू प्रश्न फार विचारते, तेही मी दाढी करत असताना. शिस्त लावली. प्रश्न तोंडी विचारायचा नाही. वहीत लिहायचा, नंबर घालायचा, तारीख घालायची. मी क्रमाने निकाल देईन. मामलेदार कचेरीत माझ्याकडे आवक-जावकाची बारनिशी आहे. आलेला प्रत्येक कागद माझ्या हातून आत जातो आणि सुटलेला माझ्याच हातून बाहेर पडतो. बारा वर्षांत एक चिटोरं गहाळ झालेलं नाही. ही शिस्त हेडमास्तरांकडे कुठून असणार.

प्रश्न क्र. १: एका नळाने हौद चार तासांत भरतो, दुसऱ्याने सहा तासांत रिकामा होतो, दोन्ही एकदम सोडले तर हौद कधी भरेल?

विचार केला. दुसरा नळ उघडा कोणी ठेवला, याचा आधी खुलासा व्हायला पाहिजे. प्रलंबित ठेवला.

२९ जून, रविवार

भूगोलाची सहल, इथेच पनवेलात. एस.टी. स्टँड. दोघींना पाट्या वाचायला लावल्या. पेण, महाड, उरण, पुणे. हाच खरा नकाशा, मी म्हणालो. पाऊस होता म्हणून व्याख्यान शेडखाली उभं राहून दिलं. वेणू एका बाईच्या कोंबडीशी खेळत होती.

गोदू कंट्रोलरच्या खिडकीशी गेली. इथली गाडी आठला सुटते आणि पेणची साडेआठला, तर दोघी कुठे भेटतात, असं त्याने तिला गमतीने विचारलं. तिने पाटीवरचे मैल बघितले, बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, कर्नाळ्याच्या पुढे. तो म्हणाला, बरोबर, रोज तिथेच भेटतात. मला म्हणाला, पोरगी हुशार हाय, कोणत्या शालेत हाय? मी म्हणालो, माझ्या.

पद्धत लागू पडते आहे.

२० जुलै, रविवार

बाजारात गणित. मेट्रिक वजनं येणार म्हणतात, शेर जाणार. त्या विषयावर सुक्या मासळीच्या ओळीत उभा राहून बोललो. कोळीण म्हणाली, मास्तर, जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक दिसत नाय. मास्तर म्हणाली, हे महत्त्वाचं. लोकांना कळतं.

वाटे मोजायचं भामाने दाखवलं. ती कोड्यांत मोजते, वीस-वीस. गोदूने लगेच उचललं. मी म्हणालो, ही जुनी पद्धत, परीक्षेत येणार नाही. गोदू म्हणाली, बाबा, मग शेराचे किलो कसे करायचे ते सांगा. प्रश्न क्र. १९.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी साडेसातला आमच्या शाळेचं झेंडावंदन. न्हाणीच्या पाइपाला झेंडा बांधला होता. मी, गोदू, वेणू आणि पेरूच्या झाडाखाली शेजारच्या गुणाबाई, भांडी घासता घासता. राष्ट्रगीताला त्या उभ्या राहिल्या, चांगल्या घरातल्या बाई.

शेवटच्या ओळीच्या वेळी गल्लीतून शाळेची प्रभातफेरी गेली. ढोल, ताशा, पुढे लेझीम. वेणू माझ्या डोळ्यांदेखत पळाली. दुपारी आली ती हातात लाडू आणि डोक्यात हट्ट घेऊन. आपल्या शालेत मुलीच नायत, म्हणाली, मी जानार नाय. ही कचेरीतल्या माणसाच्या मुलीची भाषा. आईवर गेली आहे.

१८ ऑगस्ट

वेणूला बाहेरच्या शाळेत पाठवलं. हे डेप्युटेशन आहे, बदली नाही. पटावर तिचं नाव कायम. शिवाय आता गोदूकडे पूर्ण लक्ष देता येईल. एका शिक्षकामागे एक विद्यार्थी! हे प्रमाण मुंबईतसुद्धा मिळत नाही.

२९ ऑगस्ट

गोदूकडे पूर्ण लक्ष दिलं. एका बैठकीत तीन धडे. चौथ्याच्या वेळी मला डुलकी लागली. उठलो तेव्हा तिने माझ्या अंगावर चादर घातली होती आणि पाचवा वाचत होती.

२४ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी. बाहेरच्या शाळेला सात दिवस, आपल्याला तीन आठवडे. घरच्या शाळेचा हाही फायदा.

प्रलंबित प्रश्न त्रेचाळीस. पैकी दोन निकाली काढले. एक वेणूचा होता. (पावसात बेडूक कुठून येतात. उत्तर: चिखलातून.)

२६ ऑक्टोबर, रविवार. गव्हाण

बुधाजीच्या मिठागरावर विज्ञानाची सहल. बुधाजी म्हणजे भामाचा थोरला भाऊ. पावसाळ्यानंतरची बांधबंदिस्ती चालू होती. बाष्पीभवन या विषयावर टिपणं काढून नेली होती. बांधावर उभं राहून सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला बांध खचला. गुडघ्यापर्यंत चिखलात. टिपणंही.

माझे पाय धुवून होईपर्यंत बुधाजीने गोदूला सगळं मिठागर फिरवून दाखवलं. भरतीचं पाणी कुठून आत घ्यायचं, एका कोंड्यातून, म्हणजे वाफ्यातून, दुसऱ्यात कधी सोडायचं, जिभेला लावून कसं ओळखायचं. ती घरी येऊन तीन पानं लिहिणार आहे. व्याख्यान झालं असतं तर चार लिहिली असती.

जेवताना बुधाजीने विषय काढला. उरणकडचं एक घर आहे, दोन मिठागरं, मुलगा एकुलता. मी म्हणालो, गोदू शिकते आहे. तो म्हणाला, आवो, पोरीची शाला तं तुमीच काढली. शाला सोडून पोर घरा बसली म्हंजे मानसा काय समजनार? दोन ठिकानाशी इचारना झाली माज्याकडं.

मी त्याला समजावून सांगितलं, की ती घरी बसलेली नाही, घरी शिकते आहे. तो म्हणाला, तांच तं.

गोदू भात कालवत होती. तिने खाल्ला नाही.

येताना एस.टी.त भामा माझ्याकडे न बघता म्हणाली, ती फायनलला बसली तं मी भावाला नाय म्हनून सांगीन. नाय बसली तं मना दुसरा काय सांगता येनार नाय. पंदरा सरत येतील तिला तवर. 

फायनलला बसणार नाही हा प्रश्नच कुठे येतो? फॉर्म भरायचा आहे, आणि फॉर्म ही माझी कामगिरी आहे. पनवेल तालुक्यात माझ्याइतका फॉर्म कोणाला कळत नाही. अस्वस्थ व्हायचं कारण नाही. तरी जरा झालो.

१० नोव्हेंबर

फॉर्म अलिबागहून पोस्टाने आला. शेवटची तारीख ३१ डिसेंबर. एक्कावन्न दिवस हातात. बाहेरून बसणाऱ्याच्या फॉर्मावर शाळेच्या हेडमास्तरांची सही लागते, किंवा मामलेदारसाहेबांची.

गोदू म्हणाली, बाबा, शाळा दोन मिनिटांवर आहे, मी घेऊन जाते, हेडमास्तर लगेच करतील. मी म्हणालो, त्या माणसाच्या सहीची आपल्याला गरज नाही. आपल्यामागे कचेरी आहे.

१३ नोव्हेंबर

फॉर्म भरला. माझं अक्षर पाहून अव्वल कारकून म्हणाले, वा. सरळ साहेबांच्या खोलीत जाऊन सही मागता आली असती. साहेब माझ्याशी चांगले आहेत. पण नियम सगळ्यांना सारखा. फॉर्म रीतसर बारनिशीत आणला, म्हणजे माझ्याच टेबलावर, आणि माझ्याच हाताने त्याला आवक नंबर घातला. ४१०७.

गोदूला नंबर सांगितला. तिने विचारलं, आता झालं का? मी म्हणालो, आता सुरू झालं.

१८ नोव्हेंबर

तपासणीत त्रुटी सापडली. फॉर्मासोबत जन्मतारखेचा उतारा नाही. त्रुटी मीच काढली. स्वतःच्या मुलीचा कागद असूनही डोळेझाक केली नाही, याची नोंद वर कुठेही होणार नाही, पण इथे करतो. नियमाप्रमाणे पालकास त्रुटीपत्र पाठवलं. श्री. धर्मराज गोविंद घरत, राहणार पनवेल.

२१ नोव्हेंबर

त्रुटीपत्र घरी आलं. पोस्टमनने हसून दिलं, का कळलं नाही. गोदूला ते वाचायला लावून सरकारी पत्रव्यवहाराचा पाठ घेतला. मायना, संदर्भ, विषय. असा जिवंत पाठ कुठल्या शाळेत मिळतो?

ती म्हणाली, मामा उद्या बाजाराला येणार आहे. तलाठ्याकडून उतारा तो हातोहात आणेल. मी म्हणालो, हातोहात आलेला कागद हा कागद नसतो. गव्हाणच्या तलाठ्याला कचेरीमार्फत लिहायचं ठरलं.

१ डिसेंबर

तलाठी रजेवर. स्मरणपत्र पाठवलं.

८ डिसेंबर

दुसरं स्मरणपत्र. भाषा कडक ठेवली.

गोदू आता रोज विचारते, फॉर्म गेला का. मी सांगतो, प्रक्रियेत आहे. काल तिने विचारलं नाही. बरं वाटलं, आणि मग वाटलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

गोदूने आपला शाळा सोडल्याचा दाखला मागितला. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, कागदपत्रं कशी लिहितात त्याचा अभ्यास करायचा आहे. इतकी गोडी लागलेली बघून मला भरून आलं. फाइल सोडली, दाखला दिला, पोचपावती लिहून घेतली. पोचपावती निर्दोष लिहिली होती. मायन्यापासून तारखेपर्यंत एक चूक नाही.

भामा दाराशी उभी होती. ठेवनीतला लुगडा नेसली होती. कुठे निघालीस विचारलं तर म्हणाली, गुनाबाईकडं. गुणाबाई पेरूच्या झाडापलीकडे राहतात. तेवढ्यासाठी ठेवणीतलं लुगडं! बायकांचं काही कळत नाही. (वर 'ठेवनीतला लुगडा' लिहिलं गेलं. दिवसभर कानावर पडतं, त्याचा परिणाम.)

१७ डिसेंबर

गोदू आजपासून दिवसा गुणाबाईंकडे शिवण शिकायला जाणार. अकरा ते पाच. स्वाध्यायाचाच वेळ आहे, म्हणून परवानगी दिली. शिवण हाही व्यवहार.

२२ डिसेंबर

शिवणकाम जोरात असावं. रोज डबा नेते. बोटांना शाई. गुणाबाई कापडावर आखणी शाईने करून घेतात वाटतं. पद्धत चुकीची आहे, खडूने करावी. पण दुसऱ्याच्या शाळेत मी बोलत नाही.

३१ डिसेंबर, बुधवार

सकाळी: तलाठ्याला माणूस पाठवला. स्वतः जायला निघालो होतो, पण टेबल कोणावर सोडणार?

साडेचार: उतारा आला. आवक नंबर घातला. फॉर्म, उतारा, त्रुटीपत्र, उत्तर, सगळं टाचणीने नीट लावून साहेबांच्या खोलीकडे गेलो. साहेब दौऱ्यावर. नाताळापासून दौऱ्यावर आहेत. माझ्याच हातून त्यांच्या दौऱ्याचा कागद गेला होता.

साडेपाच: शिपाई खिडक्या लावतो आहे.

१ जानेवारी १९५९

मुदत संपलेल्या कागदावर शेरा मारावा लागतो. 'मुदत संपल्याने कारवाई नाही. दप्तरी दाखल.' हा शेरा बारनिशी मारते. मी मारला. अक्षर चांगलं आलं.

घरी सांगितलेलं नाही.

२ जानेवारी

गोदूला सांगितलं. तलाठ्याची रजा, साहेबांचा दौरा, सगळं क्रमाने सांगितलं. ती वेणूच्या केसांना तेल लावत होती. बरं, म्हणाली, आणि वेणी घालत राहिली.

रडली असती तर समजूत घालता आली असती. भाषण तयार होतं.

भामा चुलीपुढून हललीसुद्धा नाही. मी म्हणालो, एक वर्ष म्हणजे काही फार नाही, पुढच्या जूनपासून नव्या जोमाने सुरू करू. ती म्हणाली, जेवाला बसा.

११ जानेवारी

नवीन योजना. वर्षाचे बावन्न आठवडे, प्रत्येकी एक विषय. तक्ता केला, तीन रंगांत. गोदूला दाखवला. छान आहे म्हणाली. मी तो भिंतीवर लावला नाही. कुठे लावायचा ते सुचलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

मनाचा हिय्या केला. ठरवलं, हेडमास्तरांकडे जायचं, झालं गेलं म्हणायचं, काही मार्ग निघतो का विचारायचं. माफी हा शब्द वापरणार नव्हतो, पण त्यांना समजलं असतं. कोट घातला. फाटकापर्यंत गेलो. शाळा बंद. रविवार.

प्रयत्न केला, हे नमूद.

२ फेब्रुवारी

सोमवारी कचेरी असते.

१५ फेब्रुवारी

बुधाजीचा निरोप. उरणची माणसं शिमग्यापर्यंत थांबतील. मी त्याला पत्र लिहिलं, की प्रकरण विचाराधीन आहे. जावक नंबर घालता घालता थांबलो. मुलीला प्रकरण म्हणून लिहिलं होतं. पत्र फाडून टाकलं. दुसरं लिहिलं नाही.

हल्ली सकाळी शिकवायला बसलो की गोदूच्या तोंडाकडे बघवत नाही. पुस्तकाकडे बघतो. ती माझ्यासाठी मोठ्याने वाचते, आणि मध्ये मध्ये अर्थही सांगते, हळू, मला कळेल असा. केव्हापासून सांगते आहे कोण जाणे.

ती मास्तरीण होणार होती. मी केलं हे. तलाठ्याने नाही.

१६ फेब्रुवारी

काल तब्येत बरी नव्हती, म्हणून तसं लिहिलं गेलं. तलाठ्याची रजा हेच मूळ कारण.

२५ मार्च, बुधवार

शिमग्याची दुसरी सकाळ. बुधाजी आला, कपाळाला रंग, हातात नारळ. आता विचारणार म्हणून मी आतल्या खोलीत कपाटातले कागद लावत बसलो. बाहेर भामा बोलत होती. सावकाश. दादा, पोर बसतेय परीक्षेला, तेन्ना कलव, नाय म्हनून. बुधाजी हसला, म्हणाला, मंग काय, बेस झाला, नारल फोडा.

भामाला बिचारीला अजून वाटतं, की गोदू बसते आहे. वर्ष चुकलं हे तिला नीट कळलेलंच नाही. अडाणी बाई. पण वेळ मारून नेली, हे बरं झालं. खुलासा मी सवडीने करीन.

६ एप्रिल, सोमवार. सकाळी साडेसहा

पाट मांडला, फळा पुसला, गोदू नाही. डबा नाही, तिची कंपासपेटी नाही. वेणू म्हणाली, ताई परीक्षेला गेली, बाईंबरोबर, सगळ्या मुली गेल्या. मी म्हणालो, कसली परीक्षा? वेणू म्हणाली, बाबा, फायनल.

भामा अंगणात धुणं वाळत घालत होती. तिने सगळं सांगितलं, हातातलं काम न थांबवता. डिसेंबरात ती स्वतः हेडमास्तरांकडे गेली होती. दाखला परत दिला. त्यांनी गोदूचं नाव पुन्हा पटावर घेतलं आणि फॉर्म शाळेतर्फे त्याच दिवशी अलिबागला रवाना केला. शिवण वगैरे काही नव्हतं. गोदू साडेतीन महिने शाळेत जात होती.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, सांगितला असता तं तुमी त्यालाबी नंबर घातला असता. चिडून नाही म्हणाली. पाण्याची बादली उचलून द्या म्हणावं, इतक्या साध्या आवाजात.

त्याच दिवशी, साडेदहा

शाळेत गेलो. जाब विचारायचा होता. पालकाच्या संमतीशिवाय नाव दाखल करणं हे नियमबाह्य आहे, हे वाक्य वाटेत तीनदा म्हटलं. हेडमास्तरांनी खुर्ची दिली. पाणी मागवलं. शिपाई नव्हता, त्यांनी स्वतः आणून दिलं. मग फॉर्माची नक्कल पुढे ठेवली.

पालकाचे नाव: सौ. भामा धर्मराज घरत. अक्षर गोदूचं. पुढे डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी.

मी दिवसाला वीसएक अंगठे बघतो. पुसट, फरफटलेले, अर्धे. हा स्वच्छ होता, प्रत्येक रेघ वेगळी. दाबून लावलेला.

संमती होती. माझं वाक्य म्हणायचं राहिलं. त्रुटी काढायला काही नव्हतं. फॉर्म मी भरला असता तर इतकाच चांगला भरला असता.

कचेरीत तेवीस मिनिटं उशिरा पोचलो. बारा वर्षांत पहिल्यांदा.

७ एप्रिल

काल संध्याकाळी गोदू आली. पेपर कसा गेला, मी विचारलं. बरा गेला म्हणाली. गणिताचा आज आहे. मी म्हणालो, हौदाचं उदाहरण आलं तर? ती म्हणाली, बारा तास, बाबा. आणि पाट माझ्याजवळ ओढून वहीत चार ओळींत करून दाखवलं. मला समजलं. खरंच समजलं. इतकं सोपं आहे हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

५ जून

गोदू पास. तालुक्यात दुसरी.

कचेरीत साहेबांनी पेढे मागितले. घरत, घरीच शिकवलीत म्हणे मुलीला, म्हणाले. अव्वल कारकूनही वळून बघायला लागले. मी सगळ्यांना पेढे वाटले. 

१९ जून १९५९, शुक्रवार. संध्याकाळ

ट्रेनिंगचा फॉर्म आला. चार पानी, चांगल्या कागदाचा. हा मीच भरणार असं मनाशी धरून होतो. कचेरीतून येताना नवं निब घेतलं. हातपाय धुऊन पेनाचं टोपण काढून बसलो.

गोदूने फॉर्म शाळेतच भरला होता. फक्त पालकाची सही बाकी. तिने तो माझ्यापुढून नेऊन आईपुढे ठेवला. मी म्हणालो, गोदू, पालक मी आहे. ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, बाबा, शाळेच्या पटावर आईचं नाव आहे, फायनलच्या फॉर्मावर आईचं नाव आहे. आता इथे दुसरं आलं तर अलिबागहून त्रुटी निघेल आणि मुदत तीस तारखेची आहे.

बरोबर होतं. मीही तेच सांगितलं असतं.

भामाने पदराला हात पुसले, अंगठा शाईत टेकवला आणि लावला. गोदू म्हणाली, बाबा, अंगठ्याला साक्षीदार लागतो, लिहितावाचता येणारा. तुम्ही करता सही?

मी लिहिलं: वरील अंगठा सौ. भामा धर्मराज घरत हिचा असून तो तिने माझ्यासमक्ष केला आहे, मी तिला ओळखतो. खाली सही केली, तारीख घातली आणि हुद्दा लिहायला घेतला. तेव्हा गोदूने हळूच माझा हात धरला आणि म्हणाली, बाबा, राहू द्या, तिथे जागा नाही.